शस्त्र नाकारणारे आणि शस्त्र नाकारलेले

१

युद्धकाळात ‘मी लढणार नाही’ असे सरकारला तोंडावर सांगणाऱ्या माणसाला इंग्रजीत ‘कॉन्शिएन्शस ऑब्जेक्टर’ म्हणतात. मराठीत या संज्ञेला रूढ प्रतिशब्द नाही. ‘सदसद्विवेकबुद्धीला स्मरून युद्ध नाकारणारा’ अशी लांबलचक फोड करून सांगावे लागते. भाषेच्या दारिद्र्याला यासाठी दोष देऊ नये. ज्या समाजात कोणी लढायचे, कोणी पूजा सांगायची आणि कोणी मेलेले ढोर ओढायचे हे माणसाच्या जन्माआधीच ठरलेले असते, त्या समाजात ‘माझ्या मनाला पटत नाही म्हणून हे काम मी करणार नाही’ असे म्हणण्याची सोयच नसते. सोय नाही म्हणून शब्द नाही. कुरुक्षेत्रावर अर्जुनाने धनुष्य खाली ठेवले, तेव्हा त्याला जे उत्तर मिळाले त्याचा गाभा ‘तू क्षत्रिय आहेस, लढणे हा तुझा धर्म आहे’ हाच होता. नकाराला आपल्या परंपरेने दिलेले हे उत्तर आहे.

आणि तरीही या देशात एका माणसाने १९४० साली युद्ध नाकारले आणि तो नकार देशाच्या इतिहासात पहिल्या क्रमांकाने नोंदला गेला. हा माणूस आमच्या जिल्ह्यातला. पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक या लहानशा गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे यांचा जन्म झाला. पुढे ते विनोबा या नावाने ओळखले गेले. माझे गाव रोहे तालुक्यातले आणि नोकरीची बरीच वर्षे पेण तालुक्यातील शाळांतून गेली. त्यामुळे विनोबांची जयंती मी कितीतरी वेळा साजरी केली आहे. फोटोला हार, मुलांची भाषणे, ‘भूदानाचे जनक’ म्हणून दोन शब्द आणि शेवटी खाऊ. या साऱ्यात १९४० चा नकार कधी येत नसे. आलाच तर ‘पहिले वैयक्तिक सत्याग्रही’ एवढ्या एका ओळीत येई आणि ती ओळ परीक्षेत एक गुण मिळवून देई.

त्या ओळीत काय दडले आहे ते नीट उलगडावे आणि दलित चळवळीच्या कार्यकर्त्याने या नकाराकडे कसे पाहावे याचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. विनोबांची आरती मला करायची नाही. त्यांना एका वाक्यात निकालात काढण्याची जी सवय आपल्याकडेही काहींना लागली आहे, तीही मला मान्य नाही.

२

आधी घटना पाहू. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. व्हाइसरॉयने हिंदी पुढाऱ्यांना न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. पुढे वर्षभराने गांधींनी वैयक्तिक सत्याग्रहाचा मार्ग काढला. निवडलेल्या एकेका माणसाने जाहीरपणे उभे राहून सांगायचे, की या युद्धाला माणसांची वा पैशाची मदत करणे चूक आहे, युद्धाचा प्रतिकार अहिंसेनेच केला पाहिजे. गांधींनी पहिले नाव विनोबांचे दिले, दुसरे जवाहरलाल नेहरूंचे. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळच्या पवनार गावी विनोबांनी पहिले भाषण केले. २१ ऑक्टोबरला देवळी येथे त्यांना अटक झाली आणि तीन महिन्यांची शिक्षा झाली. सुटल्यावर त्यांनी पुन्हा तेच सांगितले. अशा रीतीने या एका सत्याग्रहात ते तीनदा तुरुंगात गेले. त्यांच्यामागून देशभरात वीस हजारांहून अधिक माणसे तुरुंगात गेली.

पहिला मान विनोबांनाच का, हे समजून घेण्यासारखे आहे. नेहरूंचा विरोध या युद्धाला होता. हिंदुस्थान स्वतंत्र झाला असता तर फॅसिझमविरुद्ध लढायला ते तयार होते. विनोबांचा विरोध युद्धमात्राला होता. गांधींना पहिला माणूस असा हवा होता, की ज्याच्या नकारात राजकीय सौद्याचा वास येणार नाही.

येथे युद्धविरोधाचे दोन प्रकार स्पष्ट दिसतात. एक, कोणतेही युद्ध नाकारणारा. दोन, हे विशिष्ट युद्ध अन्यायाचे आहे म्हणून नाकारणारा. समाजवाद्यांचा नकार दुसऱ्या प्रकारचा होता. १९३४ साली स्थापन झालेल्या काँग्रेस समाजवादी पक्षाने हे युद्ध साम्राज्यशाहीचे ठरवले होते. जयप्रकाश नारायणांना १९४० साली जमशेदपूरच्या युद्धविरोधी भाषणाबद्दल शिक्षा झाली. त्याच वर्षी राममनोहर लोहियांना झाली. आपल्याकडे तरुण मधु लिमये युद्धविरोधी प्रचारासाठी धुळ्याच्या तुरुंगात गेले. याच तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली होती आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली होती. त्या प्रवचनांत विनोबांनी अर्जुनाची बाजू घेतलेली नाही. अर्जुनाचा नकार अहिंसेतून आलेला नव्हता, स्वकीयांच्या मोहातून आला होता, असे ते सांगतात. म्हणजे नकार कोठून येतो याची झडती घ्यावी हे विनोबांनाही मान्य होते. तीच झडती आपण त्यांच्या नकाराची घेऊ.

३

इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धात, जानेवारी १९१६ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला. त्या कायद्यातच सदसद्विवेकाच्या कारणाने सूट मागण्याचे कलम होते. सुमारे सोळा हजार माणसांनी त्या युद्धात अशी हरकत घेतली. हजारो तुरुंगात गेले. फ्रान्समध्ये नेलेल्या पस्तीस जणांना १९१६ साली मृत्युदंड सुनावण्यात आला आणि नंतर तो दहा वर्षांच्या सक्तमजुरीवर आणला गेला. या मंडळींची संघटना उभारणाऱ्यांत फेनर ब्रॉकवे प्रमुख होते. त्यांचा जन्म १८८८ चा, कलकत्त्याचा. ते जन्मभर समाजवादी राहिले, युद्ध नाकारून तुरुंगात गेले, हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची बाजू त्यांनी मांडली आणि पुढे ब्रिटिश संसदेत वर्णभेदाविरुद्ध वर्षानुवर्षे विधेयके आणत राहिले. बर्ट्रांड रसेल यांनाही या चळवळीपायी १९१६ साली केंब्रिजमधली नोकरी गमवावी लागली आणि १९१८ साली सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला.

हिंदुस्थानातली गोष्ट निराळी होती. हिंदी माणसावर सक्तीची भरती दोन्ही युद्धांत नव्हती. दुसऱ्या महायुद्धात सक्तीच्या सेवेचा जो कायदा १९४० साली येथे झाला, तो हिंदुस्थानात राहणाऱ्या युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांपुरता होता. त्यामुळे ‘मला लढायला पाठवू नका’ असे म्हणण्याचा प्रसंग विनोबांवर आलाच नव्हता. त्यांचा गुन्हा भाषणाचा होता. त्यांनी इतरांना सांगितले, की युद्धाला हातभार लावू नका.

आता प्रश्न असा की, हे इतर कोण? हिंदी सैन्यात त्या युद्धात सुमारे पंचवीस लाख माणसे भरती झाली. ती स्वखुशीने झाली असे सरकारी पुस्तके सांगतात. पोटाची आग ही ज्या अर्थाने खुशी असते, त्या अर्थाने ते खरे आहे. या पंचवीस लाखांत आमचीही माणसे होती. परंतु आमच्या माणसांची भरतीची कथा पोटाशी संपत नाही.

४

ही कथा आपल्या वाचकांना ठाऊक आहे, तरी तिचा क्रम येथे मांडणे जरूर आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. कुलाबा आणि रत्नागिरी या दोन जिल्ह्यांतून ते जात. पलटणीत शिक्षण मिळे, पगार मिळे, पेन्शन मिळे आणि गावकीच्या बाहेर श्वास घेता येई. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ‘लढाऊ जाती’ नावाचे शास्त्र निघाले आणि महारांची भरती बंद झाली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः पेन्शनर हवालदार. त्यांनी १८९४ साली या बंदीविरुद्ध अर्ज तयार केला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली तीच मागणी केली. १९१७ साली पहिल्या महायुद्धाची गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज सरली, १९२१ साली पलटण मोडली. पुन्हा १९४१ साली, दुसऱ्या युद्धाची गरज पडली तेव्हा, बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभारली गेली.

तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. ऑक्टोबर १९४० मध्ये पवनारला एक माणूस सांगतो, की या युद्धाला माणसे देऊ नका. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला एक अख्खी जात, पन्नास वर्षे अर्ज केल्यानंतर, सैन्याच्या दारातून आत जाते. दोन्ही घटनांत एका वर्षाचे अंतर आहे. आमच्या जिल्ह्याचा संबंध दोन्हींशी आहे. शाळेच्या पुस्तकात मात्र पहिलीच येते.

रोहे तालुक्यातील आमच्या वाड्यात एक पेन्शनर आजोबा होते. कुंडलिकेच्या काठी संध्याकाळी बसत. मी नुकताच शिक्षक झालो होतो आणि नव्या वाचनाचा अंमल होता. मी त्यांना विचारले, की तुम्ही युद्धाला नाही का म्हटले नाहीत. ते हसले आणि म्हणाले, “नाय म्हनायला आधी कुनी बोलवावं लागतं, पोरा.” या एका वाक्यात जे आहे ते मला अनेक ग्रंथांत सापडले नाही. नकाराला किंमत येते ती होकाराचा अधिकार असेल तेव्हा. ज्याच्या हाती शस्त्र असण्याचा हक्क समाजाने मान्य केला आहे, त्याने ते खाली ठेवले तर त्याला संत म्हणतात. ज्याच्या हातून ते काढून घेतले आहे, तो रिकाम्या हाताने उभा राहिला तर त्याला दुबळा म्हणतात. दोघांचेही हात रिकामेच असतात.

५

म्हणून बाबासाहेबांची युद्धकाळातील भूमिका समजून घेतल्याखेरीज विनोबांचा नकारही कळत नाही. बाबासाहेब जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. ‘सारा देश तुरुंगात असताना आंबेडकर सरकारात’ हा टोमणा तेव्हापासून आजतागायत ऐकू येतो. त्याला बाबासाहेबांनी स्वतःच उत्तर दिले आहे. १३ नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबई नभोवाणीवरून हिंदी कामगार आणि युद्ध या विषयावर त्यांचे भाषण झाले. त्याचा आशय असा, की नाझींची नवी व्यवस्था म्हणजे वंशश्रेष्ठत्वाची व्यवस्था आहे, ती जिंकली तर कामगाराचे सारे काही जाईल. शांतता सर्वांनाच हवी, पण हल्ला झाल्यावर लढायला नुसते नाही म्हटल्याने युद्ध नाहीसे होत नाही. युद्ध जिंकले पाहिजे आणि त्यानंतरची तहाची व्यवस्था न्यायाची असली पाहिजे. म्हणजे बाबासाहेब युद्धखोर नव्हते. युद्धाचे मूळ विषमतेत आहे आणि ते मूळ राहिले तर शांतता हा दोन युद्धांमधला विसावा ठरेल, हे त्यांचे म्हणणे होते. जन्मावरून उच्चनीच ठरवणारी व्यवस्था घरीच भोगलेल्या माणसाला नाझी काय आहेत हे कोणी समजावून देण्याची गरज नव्हती.

या विचाराची मुळे आणखी मागे जातात. १९१८ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, बाबासाहेबांनी रसेल यांच्या समाजाच्या पुनर्रचनेवरील पुस्तकाचे परीक्षण हिंदी अर्थशास्त्र मंडळाच्या नियतकालिकात लिहिले. हे पुस्तक युद्धाच्या ऐन धुमाळीत लिहिलेले. परीक्षणात बाबासाहेब बजावतात, की रसेल युद्धाच्या विरोधात असले तरी ते निष्क्रियतेच्या बाजूचे नाहीत. कृतीत वाढ आहे, निष्क्रियतेत मरण आहे. शक्ती वापरणे आणि हिंसा करणे यांतला फरक ते तेथे करतात. युद्ध नाकारणाऱ्या जगातल्या एका मोठ्या माणसाचे पुस्तक वाचताना तरुण आंबेडकरांना भीती वाटली ती हीच, की हिंदुस्थानातील आळशी आध्यात्मिकता या पुस्तकात आपले समर्थन शोधील. अहिंसेची चिकित्सा आपल्याकडे येथून सुरू होते.

६

आता महाडकडे वळू. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. बाबासाहेबांनी आपल्या भाषणात सैन्यभरतीच्या बंदीचा विषय काढला होता, कारण समोर पेन्शनर शिपाई बसले होते. दुसऱ्या दिवशी हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला, डोकी फुटली. त्या जमावात बंदुका चालवलेले, आघाडीवर गेलेले लोक होते. मनात आणते तर महाडमध्ये त्या दिवशी वेगळेच घडते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि ते आवरले गेले.

हा युद्धाला दिलेला नकार नव्हे काय? हात उगारण्याची ताकद, सराव आणि कारण ही तिन्ही असताना हात न उगारणे याहून सदसद्विवेकाचा मोठा पुरावा कोणता? मात्र या माणसांची नावे कोणत्याही अहिंसेच्या इतिहासात येत नाहीत. शुद्ध अहिंसेच्या कसोटीत ते बसत नाहीत, कारण त्यांनी युद्धमात्र नाकारलेले नव्हते. त्यांना हवे होते पाणी.

आणि त्यानंतर जे घडले ते त्याहून मोठे आहे. महाडनंतर गावोगावच्या महारांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले, मृतमांस सोडले, गावकीची बिनमोल कामे नाकारली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. त्यापाठोपाठ बहिष्कार आले. दुकानातून मीठमिरची मिळेना, शेतात पाय ठेवू देईनात, वाटा बंद झाल्या. सदसद्विवेकाला स्मरून काम नाकारणे म्हणजे काय, याचा धडा हवा असेल तर तो येथे आहे. इंग्लंडच्या कायद्याने नकार देणाऱ्याला निदान एक न्यायासन दिले होते, त्याच्यापुढे उभे राहून त्याला आपले म्हणणे मांडता येत होते. आमच्या माणसाचा नकार ऐकायला गावात न्यायासन नव्हते. विनोबांना तीन महिन्यांची शिक्षा झाली आणि तिची मुदत संपली. बहिष्काराला मुदत नसते. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात यायला १९५८ साल उजाडावे लागले.

आमच्या जिल्ह्यात नकाराचे आणखी एक मोठे पर्व घडले. अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. बाबासाहेबांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत विधिमंडळावर शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा गेला. पेणच्या खारेपाटातल्या माणसाला हा इतिहास आपला वाटतो. वाटलाच पाहिजे.

७

हे सारे समोर ठेवून विनोबांकडे परत येऊ.

विनोबांना पहिला सत्याग्रही म्हणून निवडताना गांधींनी त्यांची जी ओळख करून दिली, तीत त्यांच्या मनात अस्पृश्यतेचा लवलेशही उरलेला नाही असा दाखला आहे. एका सवर्णाने दुसऱ्या सवर्णाला दिलेला हा दाखला. तो खरा असेलही. विनोबांच्या आयुष्यात त्याला पुरावे आहेत. १९४६ पासून कित्येक महिने ते पवनारहून सुरगावला रोज पायी जाऊन मैला साफ करीत. १९ सप्टेंबर १९५३ रोजी बिहारमधील देवघरच्या वैद्यनाथ मंदिरात ते दलितांसह गेले, तेव्हा पंड्यांनी त्यांना मारहाण केली आणि कानावर बसलेल्या तडाख्याने त्यांची श्रवणशक्ती कायमची बिघडली. हा मार अंगावर घेतलेला माणूस आहे. त्याच्या प्रामाणिकपणावर शंका घेणे हलकेपणाचे होईल.

परंतु सुरगावची गोष्ट घ्या. विनोबा ज्या दिवशी ठरवतील त्या दिवशी हातातले फावडे खाली ठेवू शकत होते. जो जन्मानेच ते फावडे घेऊन आला, त्याला तसे ठरवता येत नव्हते. विनोबांच्या हाती ते व्रत झाले, त्याच्या हाती ती जात राहिली. मैला वाहून नेण्याच्या प्रथेवर देशात पहिला बंदीचा कायदा १९९३ साली आणि दुसरा २०१३ साली झाला. गटारात उतरून माणसे त्यानंतरही मरत आहेत. उच्चवर्णीयाने झाडू हाती घेतल्याने झाडूची अप्रतिष्ठा कमी होते, हा गांधीवादी विचार. ज्याच्या हाती तो लादला आहे त्याला तो फेकून देता आला पाहिजे, हा आंबेडकरी विचार. दोहोंतला फरक लहान नाही.

तीच गोष्ट भूदानाची. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे विनोबांपुढे दलित वस्तीतील चाळीस कुटुंबांनी ऐंशी एकर जमीन मागितली. रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली आणि भूदानाचा जन्म झाला. आपण हे लक्षात ठेवावे, की भूदानाचा आरंभ दात्याच्या औदार्याने झाला असे जे सांगतात, ते अर्धेच सांगतात. आरंभ दलितांच्या मागणीने झाला. पुढे विनोबा तेरा वर्षांहून अधिक काळ देशभर पायी फिरले. १९५७ पर्यंत पाच कोटी एकरांचे उद्दिष्ट होते, मिळाली चाळीस लाख एकरांहून थोडी अधिक. त्यातलीही पुष्कळशी खडकाळ, वादातली किंवा कधी वाटलीच न गेलेली निघाली. एकदा वर्गात भूदानाचा धडा चालू असताना कातकरी वाडीवरच्या एका मुलीने मला विचारले, “गुरुजी, मग आमच्या वाडीला किती मिळाली?” पाठ्यपुस्तकात या प्रश्नाचे उत्तर नव्हते. पेण आणि रोहे तालुक्यांतील कातकरी पावसाळा संपला की उचल घेऊन कोळशाच्या नि विटांच्या भट्टीवर जातात, हेच त्याचे उत्तर होते आणि ते त्या मुलीला माझ्याहून चांगले माहीत होते.

बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करून सामुदायिक शेती करण्याची योजना मांडली होती आणि ती घटनेतच घालावी अशी त्यांची मागणी होती. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह झाला आणि लाखो माणसे तुरुंगात गेली. तोही अहिंसक होता, तोही सत्याग्रह होता. पण त्याने दान मागितले नाही. दान घेणाऱ्याला नकार देता येत नाही, हे दानाचे मोठे वैगुण्य आहे. जे मिळेल ते हात जोडून घ्यावे लागते. हक्क मागणाऱ्याला ‘ही खडकाळ जमीन नको’ असे म्हणता येते.

नकाराचा धनी असलेल्या विनोबांची खरी परीक्षा १९७५ साली होती. आणीबाणी आली. ज्यांनी १९५४ साली भूदानासाठी जीवनदान केले होते, ते जयप्रकाश तुरुंगात गेले. विनोबा तेव्हा मौनात होते. ‘अनुशासन पर्व’ हा त्यांचा शब्द सरकारने भिंतीभिंतीवर रंगवला. अनुशासन आचार्यांचे असते, सत्तेचे ते शासन, असा खुलासा त्यांनी पुढे केला, पण तोवर शब्द सरकारच्या मालकीचा झाला होता. परक्या सरकारला १९४० साली स्पष्ट ‘नाही’ म्हणणाऱ्या माणसाचा स्वकीय सरकारपुढचा आवाज लोकांपर्यंत पोहोचला नाही. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला त्यांचे देहावसान झाले, पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले. सत्तेला नकार देणाऱ्याचे पुतळे सत्ताच उभारते तेव्हा त्यातला नकार आधी पुसला जातो. बाबासाहेबांच्या बाबतीतही हा धोका आपण रोज पाहतो.

८

मग विनोबांचे काय घ्यावे? माझे उत्तर सरळ आहे. त्यांचे दान सोडावे, त्यांचा नकार घ्यावा. परंतु तो जसाच्या तसा घेता येणार नाही. त्याला आपल्या अनुभवाची जोड द्यावी लागेल.

अमेरिकेतील काळ्या लोकांच्या इतिहासात अशी जोड दिलेली दिसते. २८ एप्रिल १९६७ रोजी मुष्टियोद्धा मुहम्मद अली याने व्हिएतनामच्या युद्धासाठी भरती होण्यास नकार दिला. त्याला पाच वर्षांची शिक्षा सुनावली गेली, अजिंक्यपद काढून घेतले गेले. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. मायदेशात ज्यांना माणूस म्हणून वागवत नाहीत, त्यांनी दूरच्या देशातील गरिबांवर गोळ्या का झाडाव्यात, हा त्याचा सवाल होता. त्याच्या नकारात युद्धाचा निषेध होता आणि वर्णभेदाचाही होता. दोन्ही एकाच वाक्यात बोलता येतात, हे त्याने दाखवले. अलीला ‘नाही’ म्हणता आले, कारण त्याला बोलावणे आले होते. आमच्या आजोबांचे म्हणणे त्यालाही लागू पडते.

आज आपल्या मुलांना सैन्याची दारे उघडी आहेत. ती उघडण्यासाठी वलंगकरांपासून बाबासाहेबांपर्यंत तीन पिढ्या झिजल्या. त्यामुळे सैन्यात जाणाऱ्या दलित तरुणाला कमी लेखण्याचा अधिकार कोणत्याही शांततावाद्याला नाही. त्याचबरोबर, शस्त्र मिळाले म्हणजे मुक्ती मिळाली असेही समजू नये. वर्दी उतरवून गावी आलेल्या सैनिकाला घोड्यावरून वरात काढू दिली नाही, अशा बातम्या आपण वाचतो. शस्त्राने गावची उतरंड मोडत नाही. ती मोडायला गावातच ‘नाही’ म्हणावे लागते.

आणि ‘नाही’ म्हणण्याचे प्रसंग संपलेले नाहीत. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील बावीस गावांत महामुंबई सेझसाठी जमीन द्यायची की नाही यावर सरकारी देखरेखीखाली लोकमत घेतले गेले. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली ही गावे. आधी वर्षानुवर्षे मोर्चे आणि उपोषणे झाली होती, एन. डी. पाटलांसारखे वृद्ध कार्यकर्ते रस्त्यावर उतरले होते. सेझ आला नाही. नकाराचे सामर्थ्य आमच्या तालुक्याने पाहिले. पण सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याचा नकार मोजता येतो. मिठागरात राबणारा, दुसऱ्याच्या शेतात लावणी करणारा, भट्टीवर जाणारा यांचे मत कोणत्या पेटीत पडायचे? ज्याच्याजवळ नाकारण्यासारखे काहीच ठेवलेले नाही, त्याच्या हाती आधी काहीतरी आले पाहिजे. जमीन आली पाहिजे, शिक्षण आले पाहिजे, रोजगार आला पाहिजे. मग त्याच्या नकाराला वजन येईल.

रोह्याचे नाव काढले की चिंतामणराव देशमुख आणि पांडुरंगशास्त्री आठवले ही नावे निघतात, पेणचे काढले की विनोबा. देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडले, तोही एक नकारच होता आणि त्याचा महाराष्ट्राला अभिमान आहे. तो असावा. पण आमच्या जिल्ह्यातील ज्या माणसांनी महाडला हात आवरला, ज्यांनी गावकी सोडली आणि बहिष्कार सोसला, ज्यांनी सहा वर्षे नांगर उभा ठेवला, त्यांची नावे शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी गावोगाव जाऊन लिहून काढली पाहिजेत. त्यांतली थोडीच आता आठवणाऱ्यांच्या तोंडी उरली आहेत, आणि आठवणारेही झपाट्याने जात आहेत. येत्या ११ सप्टेंबरला पेण-रोह्याच्या शाळांतून विनोबांवर निबंध लिहून घेताना मुलांना आणखी एक प्रश्न द्यावा: तुमच्या घरात पहिल्यांदा ‘नाही’ कोणी म्हटले, कशाला म्हटले आणि त्याची किंमत काय मोजली? मुलांच्या वह्यांतून जे येईल ते इतिहासाच्या पुस्तकात अजून यायचे आहे.